ठराव, ओंजळ आणि हूल

लोकांचें वर्तन कायद्यानें बदलतें कीं शेजाऱ्याच्या उदाहरणानें, हा प्रश्न ज्यास पडला असेल त्यानें महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास एकवार चित्त देऊन पाहावा.

रावबहादुर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. त्यास अनुसरून महाड म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं तळें खुलें केलें; वहिवाट मात्र जुनीच राहिली. कागद होता, उदाहरण नव्हतें. तें २० मार्च १९२७ रोजीं घडलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. एकाची ओंजळ पाहून दुसऱ्यानें भरली. तीन वर्षांत न झालेलें कार्य घटकाभरांत झालें.

पण त्याच दिवशीं, त्याच पेठेंतून, दुसरीही एक गोष्ट धांवली. हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी खोटी हूल उठली आणि निरपराध माणसांवर लाठ्या पडल्या. पुढें तळ्याची 'शुद्धि' झाली, ऑगस्टांत म्युनिसिपालिटीनें आपलाच ठराव फिरविला, आणि हक्काचा अखेरचा निकाल हायकोर्टांत लागावयास १९३७ साल उजाडलें.

यांतून निघणारा बोध कडू आहे. धैर्य व द्वेष यांचे मार्ग निराळे नाहींत. मनुष्य बातमीचा खरेपणा तोलीत नाहीं. ती कोणाच्या तोंडून आली व चारचौघे काय करितात, एवढेंच पाहतो. परंतु साखळींतील प्रत्येक कडी तशीच नसते. सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे सवर्ण गृहस्थ उघडपणें चळवळीबरोबर राहिले. डिसेंबरांतील परिषदेस जागा मिळेना, तेव्हां फत्तेखान यांनीं आपली जागा दिली.

आमच्या व्यापारी बंधूंस हें विशेषेंकरून सांगणें आहे. पोलादपुराकडील गिऱ्हाईक महाडच्या बाजारांतून मालाबरोबर वार्ताही घरीं नेतें. आतां तर ती खिशांतील फोनावरून पळांत डोंगरापलीकडे पोंचते. खोटें नाणें आपण वाजवून पाहतों व गल्ल्यांत टाकीत नाहीं. मग खोटी वार्ताच न पारखतां पुढें कां ढकलावी? हूल आपल्यापाशीं थांबवावी आणि चांगल्या कामांत पहिली नाहीं तरी दुसरी ओंजळ आपली असावी, एवढें प्रत्येकाच्या हातीं खास आहे.