दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी घेताना

जुनी गाडी शोधायला लागलात, की कोणीतरी हमखास सांगते, “दिल्लीहून आण, बरीच स्वस्त पडेल.” नोएडा, गुरुग्रामला बदलीवर गेलेल्या मंडळींनाही परतताना तिकडचीच एखादी डिझेल गाडी घेऊन यावी असे वाटते. सौदा फायद्याचा होऊ शकतो. पण ती गाडी स्वस्त का आहे, हे आधी समजून घ्या.

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ मधल्या आदेशांनी दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ती कायम केली. महाराष्ट्रात खासगी गाडीची १५ वर्षांनी तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी वाढते. म्हणजे तीच डिझेल गाडी दिल्लीत आठव्या वर्षी म्हातारी आणि साताऱ्यात ऐन उमेदीत! भाव पडतो तो यामुळे.

नियम मधेच बदलतात, हेही लक्षात घ्या. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारायचे ठरले, पण ते लगेच पुढे ढकलले गेले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई थांबवली आणि १७ डिसेंबर २०२५ रोजी हा दिलासा फक्त बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरता ठेवला. “आता बंदी उठली, निर्धास्त घ्या,” असे डीलर म्हणाला तर हसून सोडून द्या. हवा बिघडून ‘ग्रॅप’चा तिसरा टप्पा लागला, की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरमध्ये बीएस-४ डिझेल गाडी घरीच उभी करावी लागते. वर हप्ता चालूच.

म्हणून गाडी दिल्लीतच वापरायची असेल, तर किंमत नुसती पाहू नका, उरलेल्या वर्षांनी भागा. समजा, २०१८ ची डिझेल गाडी २०२६ मध्ये ४ लाखांना मिळते. दहा वर्षांच्या हिशेबाने दोन वर्षे उरली, म्हणजे वर्षाला २ लाख. तेवढ्याच वयाची पेट्रोल गाडी ५ लाखांना मिळाली, तर सात वर्षे उरतात, वर्षाला साधारण ७१ हजार. वय मोजायचे ते आरसीवरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. गाडी किती कमी चालली आहे, याचा इथे काही उपयोग नाही.

गाडी महाराष्ट्रात आणायची असेल, तर खरे काम कागदांचे. मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. बोजा न उतरवलेल्या गाडीची एनओसी अडते, तेव्हा पूर्ण पैसे आधी देऊ नका. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली, की तिथली नोंदणी घ्यावीच लागते आणि रोड टॅक्सही नव्याने भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हा टॅक्स आणि गाडी आणण्याचा खर्च किमतीत मिळवल्यावर ‘स्वस्त’ गाडी कधी कधी पुण्यातल्या गाडीच्या बरोबरीला येते. आपल्या आरटीओत आधी एक चक्कर मारून आकडा विचारून घ्या.

तुम्ही विकणारे असाल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे आणखी हातांतून गेली, पण आरसीवर नाव त्याचेच राहिले. २००९ मध्ये अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली. तेव्हा ‘नाव आम्ही करून घेऊ’ या तोंडी शब्दावर चावी देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते मागा आणि गाडी ताब्यात दिल्याची नोंद आरटीओकडे झाल्याचे पाहा.

गाडी बघायला जाताना नाक सोबत न्या! जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत गेली होती, आणि मिंटो ब्रिजखाली तर पावसाळ्यात पाणी तुंबल्याच्या बातम्या नेहमीच्याच. पाण्यात बुडालेली गाडी पॉलिश करून चकाचक दिसते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि मॅट उचलल्यावर येणारा कुबट वासही तेच सांगतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही.

दोन-तीन वर्षांसाठीच दिल्लीत असाल, तर गाडी लीजवर घेण्याचा पर्याय जरूर तपासा. महिन्याच्या रकमेत बहुधा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग येते, आणि दहा वर्षांच्या नियमाची काळजी लीज कंपनीने करायची. करारात दोन गोष्टी शोधा: वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि मुदतीआधी परत केल्यास किती दंड आहे. अचानक बदलीचा हुकूम आला, तर हा दुसरा आकडाच खिशाला लागतो. नवी गाडी घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतल्या नोकरदारांना सप्टेंबर २०२१ पासून बीएच सिरीजचा नंबर घेता येतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी नंबर तोच राहतो.