देवाच्या हवाली करण्याआधी

दिवाळीच्या सुमारास गावठी कुत्र्यांची बाळंतपणं सुरू होतात. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, बांधकामाच्या वाळूआड चार-सहा पिल्लं वळवळताना दिसतात. मग एखाद्या सकाळी कुणाच्या तरी गाडीचं चाक त्यांतल्या एकाच्या पायावरून जातं. नाहीतर आईच चुकून अंगावर बसते, नाळेची जागा चिघळते, दुसऱ्या गल्लीतला कुत्रा पिल्लू तोंडात धरून झटकतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो आणि पाठोपाठ सल्ले. हळद भरा. कोमट दूध पाजा. हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई टाकते. आणि शेवटी, बहुधा एखाद्या ज्येष्ठाकडून: जगायचं असेल तर जगेल, देवाच्या हवाली करा.

या सदरात कुत्र्यांचा विषय काढला की दोन्ही बाजूंची पत्रं येतात. आज त्या भांडणात शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जखमी पिल्लाच्या बाबतीत आपण निर्णय असा घेतच नाही. एक तर घाई करतो, नाहीतर टाळतो, आणि दोन्हीला भूतदया म्हणतो.

पहिली घाई दुधाची. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकलेले. पण तो कुत्रा धडधाकट होता, पळू शकत होता. चार दिवसांच्या पिल्लाला स्वतःचं अंगसुद्धा गरम ठेवता येत नाही. कुडकुडणंही त्याला सुरुवातीचे काही दिवस जमत नाही. मोठ्या कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ९५ ते ९८. आईपासून सुटून गार फरशीवर पडलं की ते आणखी उतरतं आणि आतड्यांचं काम थंडावतं. अशा वेळी घशात सोडलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, किंवा श्वासनलिकेत उतरतं. पाय मोडलेलं पिल्लू मग न्यूमोनियाने जातं, आणि आपण म्हणतो, ‘दूधही पाजलं हो, पण वाचलं नाही.’ रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, तेवढा अपवाद. बाकी आधी ऊब, मग जखम, दूध त्यानंतर.

आमच्या वॉचमनच्या बायकोला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही; माहेरी शेळ्या होत्या, एवढंच ती सांगते. मागच्या थंडीत असंच एक पिल्लू चाकाखाली आलं. मागचा पाय घोट्यापाशी वाकडा, हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. ग्रुपवर चर्चा चालू असताना तिने पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ऊनऊन पाणी भरलं, वर जुना पायमोजा चढवला, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला आणि बाटली पिल्लाच्या पाठीशी ठेवली. दुसरी बाजू मोकळी सोडली, म्हणजे चटका लागला तर त्याला सरकता यावं. पाणी कोमट होताच बदलत होती, कारण गार झालेली बाटली पिल्लाचीच ऊब ओढून घेते. कुणीतरी हेअर ड्रायर घेऊन आलं, त्याला तिने परत पाठवलं. हळूहळू हिरड्यांवर गुलाबी रंग आला, अगदी बारीक कुईकुई सुरू झाली. मग तिने ते कुत्रीच्या पोटाशी सरकवलं. कुत्रीने हुंगलं, नाकाने उलटंपालटं केलं आणि चाटायला लागली.

माणसाच्या वासाने आई पिल्लू टाकते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. गल्लीतल्या कुत्रीला आपला वास रोजचाच असतो. तिने बाजूला सारलेलं पिल्लू बहुतेकदा गारठलेलं असतं. ऊब देऊन परत ठेवलं तर अनेकदा ती घेते. म्हणून ‘घरी नेऊया’ हा पहिला नव्हे, शेवटचा पर्याय. जन्मून दिवसही झाला नसेल तर आईचा चीक मिळणं फार मोलाचं, कारण त्यातली रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात उतरते ती साधारण पहिल्या २४ तासांतच. डॉक्टरकडे पिल्लू न्यावं, ऊब देतच न्यावं, आणि शक्य असेल तर आईकडे परत आणावं.

आई मेली, किंवा तिने खरंच झिडकारलं, तर घरी आणावं लागेल. मग ते काम काय आहे, हे आधी ऐकून घ्या. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. गाईचं दूध चालत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्याच्या दुपटीहून जास्त असतात. पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती आणायची. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, पालथंच ठेवायचं. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून पुसायचं, कारण आईने चाटल्याशिवाय त्याला शी-शू होत नाही; ते आपलं आपण जमायला साधारण तीन आठवडे लागतात. रोज एका ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. धड असेल तर जन्माचं वजन दहा-बारा दिवसांत दुप्पट होतं. काटा अडला की काहीतरी बिनसलंय, मग जखम वरून कितीही छान दिसो. घरातली पोरं ‘सांभाळू’ म्हणतात आणि रात्री तीनचा गजर आई बंद करते. तेव्हा जो जागणार आहे त्याचंच मत धरावं. बाकीच्यांनी पावडरचे पैसे द्यावेत.

जखमेबद्दल घरच्या घरी ठरवण्यासारखं फार कमी असतं. इतक्या कोवळ्या वयात हाडं भराभर जुळतात, ही चांगली बाजू. पण पिल्लूही तितक्याच वेगाने वाढतं; आज नीट बसलेली पट्टी काही दिवसांत फास होते आणि खालचा पाय सुजून काळा पडतो. म्हणून आईस्क्रीमच्या काड्या बांधण्याचा उद्योग करू नये. डॉक्टर बोटांना चिमटा काढून पाहतात: पाय ओढून घेतं का, ओरडतं का, पंजा ऊबदार आहे का. पंजा गार आणि काळा पडत चालला असेल तर पाय गेल्यातच जमा. तरी घाबरू नये, तीन पायांवर कुत्री मजेत धावतात. जखम चिघळत नसेल तर पिल्लू थोडं मोठं होईपर्यंत शस्त्रक्रियेला थांबताही येतं, कारण या वयात भूल जोखमीची असते. दोन्ही मागचे पाय चिमट्यालाही दाद देत नसतील, तर मात्र मार कण्यावर असू शकतो.

औषधांच्या दुकानातून ‘थोडंसं’ अँटिबायोटिक आणू नका. काही औषधं वाढत्या सांध्यांना बाधतात, काहींनी दात कायमचे पिवळे पडतात. आपल्या ताप-दुखीच्या गोळ्या तर विषच. आणि माश्या! दुपारच्या उन्हात जखमेच्या कडेला तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसली, की दिवसभरात त्यांच्या अळ्या होऊन आत शिरतात. त्यावर फिनेल ओतणारे, डांबरगोळीची पूड भरणारे लोक मी पाहिले आहेत. पिल्लाच्या पातळ कातडीतून ते अंगात भिनतं, उरलेलं आई चाटते. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवा, मच्छरदाणीचा तुकडा टाका आणि निघा. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी असला तरी विचारायला हरकत नाही. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

आता टाळाटाळीबद्दल. डॉक्टरने मान हलवली की आपण पिल्लू घेऊन परत येतो आणि जिन्याखाली ठेवतो. इंजेक्शनचं नाव काढणारा क्रूर ठरतो; माश्या बसत असताना दोन-तीन दिवस वाट पाहणारे दयाळू ठरतात. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच तळमळत होतं. उपचार संपले होते, त्याला कूसही बदलता येत नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याची सुटका केली आणि ते लपवलं नाही, ‘नवजीवन’मध्ये लिहिलं. त्यावर केवढं काहूर उठलं! अहिंसेच्या बाबतीत ज्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, त्या माणसालाही हे चुकलं नाही. आज निदान कायद्याची अडचण नाही. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतही असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला, तपासणीनंतर, पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देण्याची तरतूद आहे.

मी डॉक्टरला तीन गोष्टी विचारायला सांगेन. वेदना आटोक्यात येतील का? पिल्लू चोखतंय का, आज ना उद्या चोखेल का? आणि तीन महिन्यांनी ते कुठे, कसं जगेल? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच इंजेक्शन मागावं, घरी आणू नये. तिसऱ्या प्रश्नावर प्राणिमित्र माझ्यावर चिडतात. पण मागचं धड लुळं असलेलं पिल्लू शर्थीने वाचवायचं आणि मग त्याच पार्किंगमध्ये सोडायचं, हे मला पटत नाही. त्याला घर मिळणार असेल, रोज मूत्राशय रिकामं करून देणारं माणूस मिळणार असेल, तर जरूर वाचवा. तीन पायांच्या पिल्लासाठी घर शोधणं अवघड नाही. लुळ्या पिल्लासाठी फार अवघड आहे, आणि ते वाचवण्याआधी शोधावं. खर्चाची मर्यादा ठरवण्यातही लाज नाही. ती पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगितली तर तेही त्या हिशेबाने मार्ग सुचवतात.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट हमखास मागे पडते. पिल्लू उचलताना व्यायलेली कुत्री ओळखीच्या माणसालाही चावते, आणि तो ‘फक्त खरचटलंय’ म्हणून हात झटकतो. जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर सीरमही लागतं, तसं तिथे सांगायचं. त्वचेत देतात ती रेबीजची लस शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. पिल्लू तोवर बरं होवो वा न होवो, चारही वेळच्या सुया पूर्ण करायच्या.