नदीलाही दिवसाचे पथ्य हवे
रक्तदाबाच्या रुग्णाला आम्ही मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतो. नुसती एक वाटी कमी खारट करून भागत नाही, दिवसाची बेरीज महत्त्वाची. नद्यांबाबत मात्र आपण वाटीवरच अडतो. दर लिटर सांडपाण्यात घाण किती, याचे निकष आहेत. सगळे नाले मिळून नदीत किती घाण सोडतात, ती बेरीज राहून जाते. नांदेडची गोदावरी, लातूरची मांजरा उन्हाळ्यात आटतात. तेवढीच घाण मग कमी पाण्यात मिसळते. म्हणून मर्यादा मे महिन्यातले पाणी पाहून ठरवा आणि प्रत्येक नाल्याला त्याचा वाटा नेमून द्या. मैलापाण्यातून कावीळ, टायफॉइड, जुलाब पसरतात. तोवर तुम्ही पाणी उकळूनच प्या.