लाडू अर्पणाचा, लाडू ताटातला

आश्विन अमावास्येच्या पहाटे परभणी, जिंतूर, सेलू, मानवत येथील जिनमंदिरांत भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाची पूजा होते. जिंतूरजवळच्या नेमगिरीसारख्या क्षेत्रांवरही आसपासच्या गावांतून श्रावक-श्राविका येतात. अभिषेक, पूजन आणि निर्वाणकांड झाल्यानंतर निर्वाण लाडू अर्पण केला जातो. घरातील श्राविकेने तो सोवळ्यात, शुद्ध तुपात, मन लावून केलेला असतो. आणि तरीही हा लाडू कोणीही श्रावक खात नाही. जिनचरणी वाहिलेले द्रव्य निर्माल्य होय. ते परत घेण्याची प्रथा नाही. वर्षातील सर्वांत मोठ्या मिठाईच्या सणाचा आरंभ अशा रीतीने एका सोडलेल्या लाडवाने होतो.

त्याच दिवशी सायंकाळपर्यंत चित्र पालटते. दुकानात लक्ष्मीपूजन व वहीपूजन होते, गादीवर नवी खोळ चढते आणि फराळाची ताटे व मिठाईची खोकी यांची ये-जा सुरू होते. अडत्याकडून आलेले खोके, मालवाहतूकदाराकडून आलेले खोके, व्याह्यांकडून आलेले खोके. पुढचे आठ-दहा दिवस घरात असा एकही प्रहर जात नाही, की ज्यात कोणी तरी काही तरी गोड पुढे करत नाही.

परभणी जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत या काळाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारासच मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात असते आणि कापसाचा हंगाम सुरू होतो. दुकानदार सकाळी गादीवर बसतो तो रात्रीपर्यंत उठत नाही. चालणे नाही, जेवणाची वेळ ठरलेली नाही, येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याबरोबर आणि गिऱ्हाइकाबरोबर चहा मात्र ठरलेला. ज्या पंधरवड्यात शरीराची हालचाल सर्वांत कमी, त्याच पंधरवड्यात साखर व तूप सर्वांत अधिक. व्यापाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागू नये. जमा आणि खर्च यांचा मेळ न बसणे म्हणजे काय, हे त्याला इतर कोणाहूनही अधिक ठाऊक आहे.

तो हिशेब एकदा मांडून पाहावा. घरगुती बेसन लाडवाला अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि चारशे ग्रॅम पिठीसाखर हे प्रमाण पुष्कळ घरांत चालते. या मिश्रणाच्या ३५ ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे १२ ग्रॅम साखर आणि साडेसात ग्रॅम तूप येते. त्याची ऊर्जा सुमारे १७० उष्मांक भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि शक्यतो ती २५ ग्रॅमपर्यंत आणावी. म्हणजे दोन लाडवांत ही उत्तम मर्यादा जवळजवळ पूर्ण होते. परंतु लाडवाआधी चहा झालेलाच असतो. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम. मर्यादा लाडू तोंडात जाण्यापूर्वीच ओलांडलेली असते. सणात लाडवाला जागा हवी असेल, तर ती बहुधा चहाच्या कपातूनच काढावी लागेल.

हा केवळ वजनाचा प्रश्न नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आणि त्याहून अधिक, म्हणजे सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. आज ज्याला आपण निरोगी आहोत असे वाटते, त्याचे नाव या दुसऱ्या यादीत असू शकते. बैठा व्यवसाय, पोटाचा वाढता घेर आणि आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह, या तिन्ही गोष्टी ज्या घरात आहेत, तेथे चाळिशीतील मुलाने सणापूर्वीच एकदा रक्तातील साखर तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पर्युषणात अठाई केली, दशलक्षण पर्वात एकाशने केली, आयंबिलाची ओळी झाली. आता दिवाळीत थोडे सैल सोडले तर काय बिघडले, असे सहज म्हटले जाते. शरीर अशी आगाऊ जमा धरत नाही. भाद्रपदातील उपवास कार्तिकातील लाडवांच्या खात्यावर वळता होत नाही. आणि तपाचा हेतू पाहिला, तर तोही हे मान्य करणार नाही. तत्त्वार्थसूत्रातील बाह्य तपांच्या क्रमात अनशनानंतर लगेच अवमौदर्य, म्हणजेच उणोदरी, येते आणि पुढे रसपरित्याग येतो. अनशन म्हणजे अन्न न घेणे. उणोदरी म्हणजे अन्न समोर असताना भुकेपेक्षा कमी घेणे. परंपरेने पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा व स्त्रीचा २८ घासांचा मानला. त्यातून एक घास कमी केला तरी उणोदरीला आरंभ होतो. उपवासाच्या दिवशी ताटच वाढलेले नसते. दिवाळीत ताट वाढलेले असते, करंजी समोर असते आणि वाढणारी व्यक्ती जिव्हाळ्याची असते. त्यामुळे उणोदरीची खरी परीक्षा सणातच होते, आणि त्यासाठी लाडू वर्ज्य करण्याचीही गरज नसते.

भोगोपभोग परिमाण व्रतातील द्रव्यमर्यादा येथे फार उपयोगी पडते. आज इतकीच द्रव्ये घेईन, असे सकाळी ठरवणारी वडीलधारी मंडळी आजही पुष्कळ घरांत आहेत. तरुणांनी सणापुरता त्यातील एकच नियम घ्यावा : दिवसात एकच गोड पदार्थ, आणि तोही एकदाच. करंजी घेतली, तर त्या दिवशी लाडू नाही. हा पदार्थ जेवणानंतर घ्यावा, चहाबरोबर रिकाम्या पोटी नव्हे. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, काकडीची कोशिंबीर पोटात गेल्यावर गोडाची भूक आपोआप घटते आणि साखरही रक्तात सावकाश चढते. भाकरीसाठी लांब जावे लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिलेलेच आहे.

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियमही दिवाळीत फार मोठे रक्षण करतो. फराळाच्या भेटीगाठी बहुतेक रात्रीच्या असतात. ज्याचा चौविहार आहे, त्याला यजमान आग्रह करू शकत नाही. ज्यांचा वर्षभर नियम नाही, त्यांनी निदान या पाच दिवसांत तो घेऊन पाहावा.

गृहिणीच्या हाती तर याहून अधिक आहे. लाडू ३५ ऐवजी २० ग्रॅमचा वळला, तर खाणाऱ्याच्या मनाला एक लाडू खाल्ल्याचेच समाधान मिळते आणि साखर सातच ग्रॅम जाते. चिवडा पोहे तळून न करता भाजून करता येतो. मात्र साखरेऐवजी गूळ किंवा खजूर घातला की पदार्थ निर्धोक झाला, असे समजू नये; रक्तातील साखर दोन्हींनी वाढते. ‘शुगर फ्री’ असे छापलेल्या मिठाईतही खवा व तूप असतेच. बाहेरून आलेल्या खव्याच्या मिठाईबाबत आहाराची मर्यादा कसोशीने पाळावी. दिवाळी चातुर्मासातच येते, तेव्हा ही मर्यादा हिवाळ्याइतकी लांब धरता येत नाही. आलेले खोके उघडून ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी, ताजे असतानाच, दुकानातील मुनीम, हमाल व कामगारांच्या घरी पोहोचवावे. चौथ्या दिवशी उरलेसुरले देणे हे दान नव्हे.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. निर्वाणकल्याणकाचा उपवास वा छठ करावयाची असेल, तर औषधाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चौविहार करणाऱ्यांनीही सायंकाळच्या औषधाविषयी विचारावे. औषध घेतले आणि अन्न घेतले नाही, तर रात्री साखर एकाएकी उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही तिची चिन्हे आहेत. माणूस शुद्धीवर व गिळू शकत असेल, तर त्या वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून देणे हेच औषध होय, आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. नियम मोडेल या भीतीने घरच्यांनी थांबू नये. पच्चक्खाणात अशा पीडेसाठी आगार, म्हणजे सवलत, आधीच ठेवलेली आहे.

राहिला आग्रह. मारवाडी असो वा मराठी, प्रत्येक घरात तो प्रेमाचे माप मानला जातो. “माझ्या हातचा एक तरी घ्यावाच लागेल” या वाक्यापुढे मामंजी, काकासाहेब, पाहुणे सारेच हरतात, आणि रात्री साखर तीनशेवर जाते ती त्यांची, आग्रह करणाऱ्याची नव्हे. ज्या धर्मात सूक्ष्म जीवाचीही पीडा टाळण्यासाठी पाणी गाळून पितात, तेथे समोरच्या ज्येष्ठांच्या देहाला पीडा होईल असा आग्रह कसा बसतो, याचा विचार घराघरांत व्हावा. येत्या पाडव्याला ताट पुढे करताना सुनेने सासऱ्यांना अर्धाच लाडू वाढावा, आणि उरलेला अर्धा कोणी “घ्या हो” म्हणून त्यांच्या ताटात टाकू नये.