पाहावयाचे चित्र व ठेवावयाचे चित्र

हिरव्या पडद्यासमोर उभे राहून बोलणाऱ्या माणसाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. त्याच्या पाठीमागे पर्वत आहे की समुद्र, हे प्रेक्षकांना दिसते. त्याला स्वतःला मात्र दिसत नाही. म्हणून संगणकावर मुद्रण चालू असतानाच तयार चित्र मॉनिटरवर पाहण्याची सोय असणे आम्ही चैन समजत नाही. तथापि या सोयीच्या पोटी एक धोका दडलेला आहे. घरच्या घरी पाठ, कथाकथन किंवा मुलांचे नाट्यप्रवेश मुद्रित करणाऱ्या वाचकांनी तो ओळखून असावे.

या किमयेचे मर्म साधे आहे. संगणक चित्रातील हिरवी जागा शोधून ती पारदर्शक करतो व तेथे दुसरे चित्र बसवितो. हिरवाच रंग घेण्याचे एक कारण असे की, मनुष्याच्या कातडीच्या रंगाहून तो अगदी वेगळा असतो. दुसरे असे की, बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या दर ४ बिंदूंपैकी २ हिरव्यासाठी राखलेले असतात. त्यामुळे हिरव्याचा तपशील अधिक स्वच्छ उतरतो.

मॉनिटरवर नजर ठेवली म्हणजे दोष तत्काळ उघडे पडतात. कापडाची चुणी डागासारखी दिसते. बोलणारा पडद्याला खेटून उभा असेल, तर त्याची सावली मागे पडते व केसांच्या कडांवर हिरवी झाक येते. एखाद्या भगिनीच्या हातात हिरवा चुडा असेल, तर मनगट मधूनच तुटल्यासारखे भासते! पडदा ताणून बसवावा, त्यावर सर्वत्र सारखा प्रकाश पाडावा आणि माणसाला चार पावले पुढे आणावे. चुडा तेवढ्यापुरता उतरवून ठेवावा. मुद्रणानंतर हेच दोष काढू म्हटल्यास रात्री जागवाव्या लागतात.

मॉनिटरवरील चित्र किंचित मागे राहते, हेही ध्यानात असावे. सेकंदाला २५ चित्रे या वेगाने एक चित्र ४० मिलिसेकंदांचे होते. संगणकाने तीन चित्रांचा विलंब लावला, तर हात उचलल्यावर तो मॉनिटरवर १२० मिलिसेकंदांनी उचललेला दिसेल. शिवाय आपणांस आरशाची सवय असल्याने डावे-उजवे करताना गोंधळ होतो. याकरिता बोलणाऱ्यासमोरील मॉनिटरचे चित्र आरशाप्रमाणे उलटे करून द्यावे.

आता धोक्याकडे वळू. ओबीएस स्टुडिओसारख्या प्रणालीत कॅमेऱ्याच्या चित्रास हिरवा रंग काढणारी गाळणी लावली, म्हणजे मुद्रणातही गाळलेलेच चित्र उतरते. घाईत गाळणी जरा कडक लागली आणि केसांच्या बटा वा बोटांच्या कडा कापल्या गेल्या, तर त्या पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पाहावे जोडलेले चित्र, परंतु साठवावे मूळ हिरवे चित्र. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कार्डावर त्याच वेळी मूळ चित्र घ्यावे. किंवा तारेचे दोन फाटे करून एक फाटा मुद्रण करणाऱ्या संगणकास व दुसरा केवळ पाहण्याच्या संगणकास द्यावा.

या विवेकाला जुना आधारही आहे. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ या बोलपटासाठी सोडियम दिव्यांनी पिवळा उजळलेला पडदा वापरला होता. कॅमेऱ्यातील लोलक प्रकाशाचे दोन भाग करी. एका फितीवर नटांचे रंगीत चित्र उतरे, दुसरीवर केवळ त्यांची आकृती. जोडणी मागाहून, सावकाश होई. त्या काळी तयार चित्र तत्क्षणी पाहता येत नसे. आज ते येते, परंतु मूळ वेगळे राखण्याची शिस्त सोडण्याचे कारण नाही.

मूळ चित्र जागा पुष्कळ खाते, हे खरे. १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूस २ बाइट व सेकंदाला २५ चित्रे धरल्यास, न दाबता सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट होते. तासाला सुमारे ३७३ गिगाबाइट! तेव्हा ते दाबूनच साठवावे, पण फार आवळू नये. कडांची नासाडी तेथूनही सुरू होते. ओबीएसमध्ये एमकेव्ही हा प्रकार निवडावा. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचे मुद्रण बहुधा वाचते.

गाळणी उद्याही बदलता येईल. परंतु आज आजोबांनी रंगात येऊन सांगितलेली गोष्ट उद्या तशीच पुन्हा सांगितली जाईल, याची हमी कोणी द्यावी?