तीन आणि चार एकाच सर्व्हरवर

"एनएफएस ३ आता जुनं झालं, सर्व्हरवर फक्त ४ ठेवा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दर तीन वर्षांनी सगळी मशीन्स बदलणाऱ्या ऑफिसात हा सल्ला ठीक आहे. आमच्या रत्नागिरीत तसं नसतं हो. इथल्या एका लॅबला मी सुट्टीच्या दिवशी मदत करतो. तिथे नव्या लिनक्स मशीन्सच्या शेजारी थोडी विंडोजची आहेत, आणि विंडोजच्या एनएफएस क्लायंटला ३ च्या पुढचं काही कळत नाही. उद्या ३ बंद केलं की तिथल्या पोरांचे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर फिरायला लागणार. म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल हरवलीच म्हणून समजा. (सांबा लावता येतो, मान्य. पण मग एकाच फोल्डरवर दोन प्रकारची लॉक्स येतात. तो विषय परत कधीतरी.)

तेव्हा माझं मत असं: दोन्ही ठेवा, पण ठरवून ठेवा.

गोम अशी की लिनक्सच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये "ह्या क्लायंटला ३, त्या क्लायंटला ४" असं लिहायची सोयच नाही. व्हर्जन चालू-बंद होतं ते अख्ख्या सर्व्हरसाठी. मग फरक करायचा कुठे? फायरवॉलमध्ये. ४ चं काम २०४९ या एकाच पोर्टवर भागतं. ३ ला त्याशिवाय १११ लागतो, आणि माउंटडी, लॉकडी, स्टॅटडी हे तिघे वेगळे. हे तिघे दर वेळी कुठलाही पोर्ट धरून बसतात, म्हणून आधी त्यांचे पोर्ट कायमचे ठरवून द्यायचे आणि मग फक्त त्या जुन्या मशीन्सच्या आयपींना उघडायचे.

दुसरी भानगड पाथची. जुन्या लेखांत 'एफएसआयडी बरोबर शून्य' लिहून ४ साठी वेगळं मूळ फोल्डर करायला सांगतात. त्याने एकच फोल्डर ३ वाल्याला एका पाथवर आणि ४ वाल्याला दुसऱ्याच पाथवर दिसतो. २०१० च्या आसपासपासून लिनक्स हे मूळ स्वतःच तयार करतं. ती ओळ काढून टाका, दोघांना पाथ एकच राहतो.

क्लायंटकडेही बघायला हवं. व्हर्जन सांगितलं नाही तर लिनक्स क्लायंट ४.२ पासून सुरुवात करतो आणि जमलं नाही की गुपचूप खाली उतरतो, पार ३ पर्यंत. म्हणून नव्या मशीन्सच्या एफएसटॅबमध्ये ४.२ स्पष्ट लिहावं. माउंट झालं नाही तर निदान बोंब तरी होते.

आणि ती कुप्रसिद्ध स्पेस! आयपी आणि पुढचा कंस यांच्यात एक जागा सुटली, की त्या आयपीला मिळतो नुसता डिफॉल्ट, आणि कंसातला 'आरडब्ल्यू' मिळतो साऱ्या जगाला. परवानगीचा एरर आला की 'नो रूट स्क्वॅश' लिहिणारे महाभागही आहेत. बाबांनो, हे स्क्वॅश आंब्याचं नव्हे. ते काढलंत तर कुणाच्याही लॅपटॉपवरचा रूट हा तुमच्या फायलींचा मालक.

४ आलं म्हणजे सुरक्षितता आली, हाही गैरसमजच. कर्बेरॉस लावलं नसेल तर ४ सुद्धा क्लायंट सांगेल त्या युजर नंबरवर विश्वास ठेवतं, अगदी ३ सारखंच.

तरी मला ४ आवडतं, आणि त्याचं कारण पावसाळा. लाइट जाते, यूपीएस मान टाकतो, सर्व्हर परत उठतो. ३ मध्ये लॉक्स परत मिळवायला स्टॅटडीचा निरोप क्लायंटपर्यंत पोचावा लागतो. मध्ये फायरवॉल आली की लॉक गेलंच. ४ मध्ये क्लायंट स्वतः येऊन आपलं लॉक परत मागतो. त्यासाठी सर्व्हर साधारण ९० सेकंद थांबतो. तेवढ्यात कुणी "हँग झालं" म्हणत रीसेटचं बटण दाबू नये, म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी लावली आहे.

३ च्या मशीन्सना मी शक्य तिथे 'आरओ' देतो, आणि प्रत्येक ओळीवर कॉमेंट टाकतो: कुठलं मशीन, कशासाठी, कधी काढायचं. सध्या अशा पाच ओळी आहेत. त्यातल्या दोन मे महिन्याच्या सुट्टीत जातील.