पडद्यावरची मराठी कोण सुधारणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि बेळगावपासून इंदूरपर्यंत मराठी मनास यथार्थ आनंद झाला. हा मान मिळण्यापूर्वीही मराठी थोर होती आणि तो मिळाला नसता म्हणून तिचे थोरपण रतिभरही कमी झाले नसते. तथापि राजमान्यतेचे मोल आम्ही जाणतो. परंतु ज्या हातांनी पेढे वाटले, त्याच हातांतील मोबाइल फोन कोणत्या भाषेत बोलत होता, हा प्रश्न आम्हास आज विचारावासा वाटतो. फोनमध्ये मराठीची सोय आहे. पैसे पाठविण्याच्या व तिकिटे काढण्याच्या कित्येक ॲपांतही ती आहे. असे असूनही सुशिक्षित मराठी माणूस ती बाजूस सारून इंग्रजी पत्करतो आणि कारण विचारले असता निःशंकपणे सांगतो, "ती मराठी मला कळत नाही!" मातृभाषेविषयी असे उद्गार काढण्याची पाळी यावी, यापरते लाजिरवाणे ते काय? पण वाचकहो, तो खोटे बोलत नाही.

पडद्यावर त्यास काय वाचावे लागते ते पाहा. एखादे ॲप 'पुणे मध्ये पाऊस' असल्याचे कळविते. दुसरे 'गोवा ला जाणाऱ्या गाड्या' दाखविते. पाचवीतल्या मुलाने निबंधात असे लिहिले तर गुरुजी तांबड्या शाईने 'पुण्यात' आणि 'गोव्याला' अशी दुरुस्ती करतील. पुढे 'फाइल हटवले', '५ संदेश प्राप्त झाला', 'पुन्हा प्रयास करा', 'सुनिश्चित करा' अशा वाक्यांची रांग लागते. लिपी देवनागरी आहे, शब्दही ओळखीचे आहेत. मात्र ही बोली कोणत्या गावची, हे कोणासही सांगता येणार नाही.

याचे सारे खापर भाषांतरकाराच्या माथी फोडणे सोपे आहे. आम्हास ते अन्यायाचे वाटते. पडद्यावरचा मजकूर सिद्ध कसा होतो हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रणालीतील सर्व सूचना, प्रश्न आणि बटणांवरचे शब्द मूळ कार्यक्रमापासून वेगळे काढून त्यांची एक यादी करतात. एका बाजूस इंग्रजी वाक्य आणि दुसऱ्या बाजूस भाषांतरासाठी रिकामी जागा, असे तिचे स्वरूप असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात १९९५ पासून प्रचारात असलेली 'गेटटेक्स्ट' ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते. भाषांतरकाराच्या हाती पडते ती ही यादी. पडदा त्यास बहुधा दिसत नाही. यादीत 'ओपन' असा एकच शब्द असतो. ते बटण असेल तर 'उघडा' म्हटले पाहिजे. दुकान चालू असल्याची खूण असेल तर 'उघडे' म्हटले पाहिजे. 'लेफ्ट' म्हणजे डावीकडे की शिल्लक? 'बुक' म्हणजे पुस्तक की आरक्षण करा? 'ऑर्डर' म्हणजे हुकूम, मागणी की क्रम? अंधाऱ्या खोलीत चाचपडणाऱ्याने भांडे पाडले तर दोष त्याचा, की दिवा न देणाऱ्याचा?

याहून खोल अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजी लिहिणारा वाक्याचे तुकडे करून ठेवतो आणि यंत्र ऐनवेळी रिकाम्या जागी नाव वा आकडा भरते. इंग्रजीत हे खपते, कारण तेथे नामाचे रूप सहसा बदलत नाही. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. सातारा असतो, पण आपण साताऱ्यास जातो. मुलगा असतो, पण मुलाने निरोप धाडलेला असतो. हिंदीत 'में' आणि 'को' शब्दापासून सुटे लिहितात, म्हणून तेथे हा तुकडेजोड कारभार पुष्कळसा निभावतो. तोच साचा मराठीवर लादला की 'पुणे मध्ये' जन्मास येते. तीच गत लिंगाची. फाइल ती, संदेश तो आणि चित्र ते. या तिघांसाठी 'डिलीटेड' या एका शब्दास एकच मराठी प्रतिशब्द द्या म्हटले, तर भाषांतरकार 'काढला', 'काढली' आणि 'काढले' यांपैकी कोणता देणार? कोणताही दिला तरी तो दोन ठिकाणी चुकणारच. वचनाचेही तसेच. इंग्रजीत आकड्याबरोबर नाम बदलते. मराठीत 'संदेश' हा शब्द एक असो वा पाच, तसाच राहतो आणि क्रियापद बदलते. क्रियापद यादीच्या दुसऱ्या ओळीत एकटे पडले असेल, तर '५ संदेश प्राप्त झाला' असेच उमटणार.

हिंदीवरून मराठी करण्याची घाई हा आणखी एक रोग आहे. दोन्ही भाषांची लिपी एक, म्हणून शब्दही एक, असा समज करून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की हिंदीतील 'शिक्षा' हे शिक्षण आहे आणि मराठीतील शिक्षा हा दंड आहे. यंत्रातील बिघाडास 'त्रुटी' म्हटले की मराठी माणसास काहीतरी उणे राहिल्याचा भास होतो. त्यास 'चूक' म्हणावे. अक्षरांचीही हेळसांड होऊ नये. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत भेद एका रफाराचा आहे. एकाने व्याख्यान होते आणि दुसऱ्याने स्वयंपाक.

कोणी म्हणेल, हे सारे शुद्धलेखनाचे चोचले आहेत. काम भागल्याशी कारण. काम भागत नाही, हेच तर आमचे म्हणणे आहे. प्रवासाच्या आरक्षणाचे उदाहरण घ्या. पडदा विचारतो, 'आरक्षण रद्द करायचे आहे काय?' आणि खाली दोन बटणे असतात : 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. आता आरक्षण मोडण्यासाठी कोणते दाबावे? 'रद्द करा' हे बटण रद्द करण्याचे नसून, रद्द करण्याचा विचार रद्द करण्याचे असते! हा गोंधळ मुळात इंग्रजीतलाच आहे. भाषांतरकाराने तो इमानेइतबारे मराठीत आणला, इतकेच. 'आरक्षण मोडा' आणि 'आरक्षण तसेच ठेवा' असे लिहिले असते, तर कोणाचीही फसगत झाली नसती. पैशांच्या व्यवहारात तर अशी संदिग्धता घातक ठरते. कोणी आपल्याकडे पैसे मागितले आणि त्या मागणीखाली नुसते 'स्वीकारा' असे लिहिले, तर साधा माणूस पैसे मिळतील असे समजून बोट ठेवील, आणि पैसे मात्र त्याच्या खात्यातून जातील.

शब्दाच्या चुकीने शरीरासही इजा होते. जर्मनीत बर्लिन येथील एका रुग्णालयात २००६-०७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या वेष्टनावर 'नॉन-मॉड्युलर सिमेंटेड' असे इंग्रजी शब्द होते. त्यांतील 'नॉन'चा संबंध पुढच्या शब्दाशी होता. तो सिमेंटाशी जोडला गेला आणि सिमेंट लावून बसवावयाचे गुडघे ४७ रुग्णांना सिमेंटाविना बसविले गेले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाशी जोडलेली 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तेथे एक अक्षर कोणी हेतुपुरस्सर बदलले, असे ती आख्यायिका म्हणते. येथे तर हेतूचीही गरज पडत नाही. केवळ निष्काळजीपणा पुरतो.

मराठीत शब्दच नाहीत, हा आक्षेप तर आम्ही मुळीच मान्य करणार नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला आणि त्यात राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडले गेले. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन होऊन परिभाषेचे कोश तयार झाले. शब्दांचे भांडार भरलेले आहे. मात्र कोश शब्द देतो. वाक्य देत नाही. पडद्यावरची मराठी बिघडते ती वाक्यात. म्हणून 'फाइल' म्हणावे की 'धारिका', या वादात रात्री जागविणाऱ्या विद्वानांस आमची विनंती आहे की, 'फाइल' खुशाल राहू द्या. ती 'हटवले' जाऊ नये, एवढे पाहा.

यंत्र आता स्वतःच भाषांतर करू लागले आहे, तेव्हा ही चिंता कशास, असेही विचारले जाते. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी २०१३ साली आली आणि तेव्हापासून यंत्राची मराठी पुष्कळ सफाईदार झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण सफाईदार चूक ही ओबडधोबड चुकीहून अधिक धोक्याची असते, कारण ती नजरेतून निसटते. पडदा न पाहणाऱ्या माणसास जे कळत नव्हते, ते संदर्भ न दिलेल्या यंत्रास तरी कसे कळावे?

मग उपाय काय? पहिले कर्तव्य निर्मात्यांचे आहे. त्यांनी वाक्याचे तुकडे करू नयेत. प्रत्येक ओळीबरोबर ती कोठे व कशासाठी दिसणार याची टीप द्यावी. आकड्यांसाठी एकवचन व अनेकवचन अशी पूर्ण वाक्ये स्वतंत्र ठेवावीत. या सोयी तंत्रात आहेत; त्या वापरण्याची इच्छा हवी. जेथे नाव ऐनवेळी भरले जाते, तेथे 'शहर : पुणे' अशी मांडणी केली की सामान्यरूपाचा प्रश्नच उरत नाही. दुसरे कर्तव्य सरकारचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाखांवर लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेत एखादी सार्वजनिक प्रणाली विकत घेताना, मराठी वाचणाऱ्या सामान्य माणसांकडून ती पडद्यावर तपासून घेतल्याखेरीज देयक चुकते करू नये, अशी अट कंत्राटात घालणे मुळीच अवघड नाही.

तिसरे कर्तव्य आपले आहे आणि आम्ही तेच सर्वांत मोठे मानतो. मराठी वाईट म्हणून आपण इंग्रजी निवडतो; मराठी निवडणारे थोडे म्हणून निर्माता तिच्यावर खर्च करीत नाही; खर्च नाही म्हणून ती आणखी वाईट होते. हे दुष्टचक्र मराठी माणसाने मोडले नाही तर अन्य कोण मोडणार? यात महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाचा वाटा विशेष आहे. बंगळूर, भोपाळ वा गांधीनगर येथून येणारा सरकारी कागद बहुधा त्याच्या भाषेत नसतो. फोनची भाषा निवडताना मात्र त्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. निपाणीच्या शेतकऱ्यास आणि ग्वाल्हेरच्या आजीबाईंस व्यवहाराची मराठी रोज भेटेल अशी ही एक जागा आहे. ती आपणच सोडून द्यावी काय?

तक्रार कशी करावी, हेही सांगतो. 'भाषांतर भिकार आहे' एवढ्याने काही होत नाही. चूक कोणत्या पडद्यावर, कोणत्या बटणाशी आहे ते लिहावे. पडद्याचे चित्र जोडावे. आता काय लिहिले आहे, काय असावे आणि का, हे एकेका वाक्यात सांगावे. चूक मूळ इंग्रजीत असेल तर तसे स्पष्ट कळवावे. मोझिलाच्या 'पॉण्टून' या संकेतस्थळावर फायरफॉक्सच्या आणि 'ट्रान्सलेटविकी'वर विकिपीडियाच्या पडद्यावरील मराठीस कोणीही दुरुस्त्या सुचवू शकतो. शाळा-महाविद्यालयांतील मराठीच्या प्राध्यापकांनी वर्गातील मुलांस हे काम एक तास लावून दिले, तर व्याकरणही शिकवून होईल आणि भाषेची सेवाही घडेल. सांगून काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी 'ॲ' या आपल्या अक्षराकडे पाहावे. युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान नव्हते. २००८ साली ५.१ या आवृत्तीत ते मिळाले. उणीव दाखविली गेली, म्हणून ती भरून निघाली.

भाषेचा अभिमान सभेत टाळ्या देतो. तिची निगा मात्र अशा बारीकसारीक कामांनीच राखली जाते. आज घरी जाऊन आपला फोन मराठीत करा, आठवडाभर तो वाचा आणि खटकलेली पहिली चूक लिहून धाडा. इतके प्रत्येकाने केले तर 'ती मराठी मला कळत नाही' असे म्हणण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येणार नाही.